आठ महिन्यांचं दुखणं आठ बैठकांत जाईल का?

ताई, नमस्कार.
मी 41 वर्षांची. कराडजवळच्या गावात राहते, एका पतसंस्थेत क्लार्क आहे. गेल्या दिवाळीनंतर माझं काहीतरी बिनसलं. पहाटे साडेतीनला जाग येते ती येतेच, मग डोळ्याला डोळा लागत नाही. मार्चएंडला कॅश मोजताना दोनदा चुकले, तेव्हापासून काउंटरवर बसायचीच धास्ती घेतलीय. भिशीला जाणं सोडलं, कुणाचा फोन आला तर उचलत नाही. डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतला, 16 गुण आले. डिप्रेशन आहे म्हणाले. सहा ते आठ आठवडे समुपदेशन घ्या, गोळ्या लगेच नकोत, महिन्याने बघू, असं सांगितलं.
दोन बैठका झाल्या. समुपदेशक मुलगी माझ्या भाचीच्या वयाची आहे. दुसऱ्या बैठकीनंतर एसटीत रडत घरी आले आणि त्या रात्री आणखीच वाईट वाटलं. मिस्टर म्हणतात, "सहाशे रुपये देऊन गप्पाच मारायच्या, तर घरात माणसं कमी आहेत का?" मलाही पटत नाही. आठ महिन्यांचं दुखणं आठ वेळा बोलून जातं का? की सरळ गोळ्या मागून घेऊ? मंगळवारी तिसरी बैठक आहे. जाऊ की नको?
– एक वाचक, कराड परिसर

ताई,

मंगळवारी जा. का जायचं ते पुढे सविस्तर लिहिते, पण पहाटे साडेतीनपासून जाग्या असलेल्या माणसाला उत्तरासाठी शेवटपर्यंत ताटकळत ठेवणं बरं नाही. जा, आणि ठरलेल्या बैठका पुऱ्या करा.

त्याआधी मलाच तुम्हाला एक विचारायचंय. त्या नऊ प्रश्नांच्या कागदावरचा शेवटचा प्रश्न आठवतो का? गेल्या दोन आठवड्यांत मेलेलं बरं असं वाटलं का, स्वतःला इजा करावी असं मनात आलं का, असा तो प्रश्न असतो. तुम्ही तिथे कुठे खूण केलीत ते पत्रात नाही. 'अजिबात नाही'वर केली असेल तर निश्चिंतपणे पुढे वाचा. पण वेगळी केली असेल, किंवा तेव्हा नव्हतं आणि आता तसं मनात येऊ लागलं असेल, तर मंगळवारपर्यंत थांबू नका. आजच डॉक्टरांना फोन करा आणि मिस्टरांना स्पष्ट सांगा. अपरात्री जीव घाबरा झाला तर 14416 लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. पहाटे साडेतीनला फोन केला म्हणून तिथे कुणी रागावणार नाही.

आता मिस्टरांचा प्रश्न. तो मला चुकीचा वाटत नाही. सहाशे रुपये कष्टाचे आहेत, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन बायका खोलीत बसून बोलताहेत एवढंच दिसतं. पण घरात तुम्ही "मला काही करावंसंच वाटत नाही" म्हणालात की समोरून काय येतं? "मनाला लावून घेऊ नकोस." "चार दिवस माहेरी जाऊन ये." "आम्हाला नाही का टेन्शन?" माणसं प्रेमानंच बोलतात, पण त्या बोलण्याला पुढची पायरी नसते. या अल्पमुदतीच्या उपचारात आज काय बघायचं, आठवडाभर काय करून बघायचं, पुढच्या वेळी त्याचा हिशेब कसा मांडायचा, हे आधीच ठरलेलं असतं. बैठक चाळीस-पन्नास मिनिटांची, पण करायचं ते मधल्या सहा दिवसांत.

म्हणजे काय, ते तुमच्याच पत्रातून दाखवते. तुम्ही भिशीला जाणं सोडलंत. का? तर जावंसं वाटत नाही, तोंड दाखवायला नको वाटतं. न गेल्यावर त्या संध्याकाळपुरतं सुटल्यासारखं वाटलं असेल. पण त्या चार बायकांबरोबर महिन्याकाठी तासभर जे हसणं व्हायचं तेही गेलं. मग फोन उचलणं गेलं. आता दिवसभरात बरं वाटावं असं काही उरलंच नाही, म्हणून मन आणखी खाली, म्हणून आणखी काही करावंसं वाटत नाही. रहाटगाडग्यासारखं हे फिरत राहतं. पीटर लेविनसन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1970च्या दशकात नेमकं हे फिरणं पकडलं आणि उलट्या बाजूनं सुरुवात केली. 'बरं वाटलं की करेन' असं आपण म्हणतो, ते म्हणाले आधी थोडं करू, मग काय वाटतं ते बघू.

माझ्याकडे येणाऱ्या एका बाईंनी त्यांच्या वहीबद्दल लिहायला मला परवानगी दिलीय. शाळेची दोनशे पानी वही, उभ्या रेघा मारून तीन रकाने: वेळ, काय केलं, कसं वाटलं याचे दहापैकी गुण. पहिल्या आठवड्याचं पान असं: "6.30 जागी होते, उठले नाही – 1. 8.00 डबा केला – 2. 11 ते 1 पडून – 1. 4.00 धाकटीनं केस विंचरून मागितले – 4. 9.00 टीव्ही, काय लागलं होतं आठवत नाही – 1." त्यांचं म्हणणं होतं, "दिवसभर सारखंच वाटतं हो." पान समोर ठेवलं आणि तो चारचा आकडा मी बोटानं दाखवला. त्या बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. पुढच्या आठवड्याचं काम ठरलं ते एवढंच की रोज चार वाजता मुलीचे केस विंचरायचे, इच्छा असो वा नसो. त्याच्या पुढच्या आठवड्यात अंगणातल्या तुळशीपर्यंत जाणं, मग कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतः दूध आणणं. पाचव्या बैठकीला त्यांनी वही उघडली तेव्हा एक सोडून सगळे आकडे तीनच्या वर होते. त्या एकाच्या दिवशी जाऊबाईंचा फोन आला होता, आणि मग सहावी बैठक त्या फोनवरच झाली.

तुमची समुपदेशक हीच पद्धत वापरेल असं नाही. कुणी विचारांच्या बाजूनं जातं. फिलाडेल्फियाचे आरन बेक हे मनोविकारतज्ज्ञ 1960च्या दशकात रुग्णांच्या बोलण्यातले ठराविक विचार टिपू लागले. काही घडतं, आणि मन पापणी लवण्याआधी त्याचा निकाल लावून मोकळं होतं. तुम्ही कॅश दोनदा चुकलात. तेही मार्चएंडला, झोप नसताना. मनानं निकाल दिला, 'मी आता या कामाची राहिले नाही'. हा निकाल तपासायला शिकणं, इतक्या वर्षांच्या नोकरीतल्या बाकीच्या बरोबर मोजलेल्या नोटा पुराव्यात मांडणं, ही त्या पद्धतीची रीत. आपल्याकडे विवेकनिष्ठ उपचारपद्धती या नावानं तिची थोरली बहीण बऱ्याच मराठी वाचकांना माहीत आहे. अडचणींची यादी करून एकेक सोडवणं ही आणखी एक पद्धत, नात्यातल्या तिढ्यांवर काम करणं ही आणखी एक. या पद्धतींची एकमेकींशी तुलना खूप झालीय आणि सौम्य ते मध्यम नैराश्यात त्यांच्यात फार डावं-उजवं सापडत नाही. त्यामुळे तिथे मला पद्धतीच्या नावाची फिकीर वाटत नाही. दर बैठकीतून घरी करायचं काही हातात पडतंय का, हे मात्र मी बघेन.

याचा उपयोग होतो का, याचं उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यात मिळालंय. तिथल्या 'संगत' या संस्थेनं, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या 495 प्रौढांबरोबर हे तपासलं. तुमच्यासारखेच नऊ प्रश्न विचारले आणि ज्यांचे गुण 14च्या वर होते त्यांनाच घेतलं. म्हणजे तुमचे 16 गुण घेऊन तुम्ही तिथे बसला असतात. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. दोन्ही गटांना डॉक्टर होतेच. एका गटाला त्याशिवाय सहा ते आठ बैठका मिळाल्या, मी वर सांगितलेल्या वहीच्या जातीच्याच. तीन महिन्यांनी मोजलं तेव्हा बैठका घेतलेल्यांपैकी शंभरातले 64 जण नैराश्यातून बाहेर आले होते, बाकीच्या गटात शंभरातले 39.

हे आकडे घाईनं वाचू नका. बैठका न घेतलेलेही 39 बरे झाले. नैराश्य पुष्कळदा काळानं आपणहून ओसरतं, हे खरंच आहे. आणि बैठका घेऊनही 36 जण तीन महिन्यांत बाहेर आले नाहीत. वर्षानंतर परत मोजलं तेव्हा पहिल्या गटात 63 आणि दुसऱ्या गटात 48 असे आकडे होते. म्हणजे मिळालेलं टिकलं आणि मागे राहिलेल्यांपैकी काही जण हळूहळू येऊन मिळाले. कुणी म्हणेल, मग काळच करेल की औषध. माझं म्हणणं असं की दिवाळीपासून तुम्ही काय काय गमावलंय ते बघा: झोप, कामातला हात, मैत्रिणी. असंच आणखी वर्ष वाट बघायची की तीन महिन्यांत सुटायची संधी घ्यायची, यात मला तरी विचार करण्यासारखं काही दिसत नाही.

जगभरच्या शेकडो चाचण्या एकत्र केल्या तर आकडे जरा उतरतात. त्रास किमान निम्म्यानं कमी झाला का, या मापानं सुमारे दोन महिन्यांत शंभरातल्या 41 जणांना बोलण्याच्या उपचारानं फरक पडतो, नेहमीच्या देखभालीत 17 जणांना. खात्री कुणालाच देता येत नाही, पण संधी दुपटीहून जास्त होते. तुमच्या गुडघ्याच्या डॉक्टरांनी एवढं सांगितलं असतं तर तुम्ही उपचार घेतलाच असतात.

आता भाचीच्या वयाची ती मुलगी. गोव्यातल्या त्या बैठका कुणी घेतल्या माहीत आहे? मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, त्याच भागातल्या साध्या माणसांनी. त्यांना काही आठवडे शिकवलं, मग हाताखाली काम करायला लावलं. त्यांच्या बैठका रेकॉर्ड करून ते सगळे दर आठवड्याला एकत्र ऐकायचे आणि एकमेकांना गुण द्यायचे. झिंबाब्वेतल्या हरारेत तर डॉ. डिक्सन चिबांडा यांनी हे काम दवाखान्याबाहेरच्या लाकडी बाकांवर बसणाऱ्या आज्यांच्या हाती सोपवलं. 'फार विचार करणं' असा अर्थ असलेला तिथला शब्द आहे, कुफुंगिसिसा, आपण विचारांचा भुंगा म्हणतो तसा. त्या दुखण्यावर आज्यांबरोबरच्या सहा बैठकांनी उत्तम काम केलं. तेव्हा वय मध्ये आणू नका. तिनं हे रीतसर शिकलंय का आणि तिच्या कामावर कुणी अनुभवी माणूस लक्ष ठेवतं का, हे मात्र बिनधास्त विचारा. आपल्याकडे 'समुपदेशक' अशी पाटी कुणीही लावू शकतं, म्हणून हा प्रश्न विचारायलाच हवा. चांगल्या समुपदेशकाला त्याचा राग येत नाही.

दुसऱ्या बैठकीनंतरच्या त्या एसटीतल्या रडण्याबद्दल वाचताना मला फार वाईट वाटलं, पण घाबरायला झालं नाही. आठ महिने जे दाराआड कोंडून ठेवलं होतं ते पहिल्यांदा कुणापुढे मांडलंत. त्या रात्री ते सगळं उघड्यावर पडलेलं असतं आणि आवरायचं कसं ते अजून शिकून झालेलं नसतं. दुसऱ्या-तिसऱ्या बैठकीला असं बऱ्याच जणांचं होतं, आणि नेमक्या याच टप्प्यावर पुष्कळ जण येणं बंद करतात. समुपदेशकाला वाटतं बरं वाटलं असेल, माणसाला वाटतं मला काही होणार नाही. तिला हे सांगितलंत का? नसेल तर मंगळवारी पहिलं वाक्य हेच बोला. मग ती गती कमी करेल, बैठकीची शेवटची दहा मिनिटं तुम्हाला सावरायला ठेवेल. मात्र तिथे तुम्हाला कमी लेखलं जात असेल, तुमचं ऐकण्यापेक्षा उपदेशच जास्त होत असेल, तर माणूस बदला. दोष त्या माणसात असतो, उपचारात नव्हे.

गोळ्या. त्यांना वाईट म्हणणाऱ्यांतली मी नाही. मध्यम नैराश्यात गोळ्या आणि बोलण्याचा उपचार साधारण सारखेच चालतात, आणि जिथे त्रास जास्त तिथे दोन्ही मिळून एकट्यापेक्षा बरे. गोळ्यांचा गुण यायलाही दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे आज मागितल्या म्हणून उद्या पहाटे झोप लागेल असं होत नाही. बोलण्याच्या उपचाराचा फायदा असा की शिकलेलं हातात राहतं. गोळ्या थांबवल्यावर पुन्हा त्रास उलटतो त्यापेक्षा इथे तो कमी वेळा उलटताना दिसलाय. तुमचे गुण 16 म्हणजे मध्यमच्या वरच्या पायरीवर आहेत. त्यामुळे डॉक्टरांनी महिन्याने बघू म्हटलंय तर त्या तारखेला जाच. तोपर्यंत जेवण तुटलं, कामावर जाणंच थांबलं किंवा नवव्या प्रश्नाचं उत्तर बदललं, तर त्याआधी जा आणि गोळ्यांचा विषय स्वतःहून काढा. कधी काळी उलटं झालं असेल, म्हणजे आठवडाभर झोपेविना भन्नाट उत्साह, वारेमाप खर्च, तोंडाला लगाम नाही, असं काही, तर तेही आवर्जून सांगा. तेव्हा दुखणं वेगळं असू शकतं आणि औषधही वेगळं लागतं. आणि थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-12 तपासलंय का? चाळिशीतल्या बाईच्या थकव्यात या तिन्हींची भर असणं रोजचंच आहे. पाळी अनियमित झाली असेल तर तेही सांगा.

तुमची आठवी बैठक होईल तेव्हा तोच नऊ प्रश्नांचा कागद पुन्हा भरून मागा. खरं तर चौथ्यालाच मागा. आकडा 16 वरून 8 किंवा त्याखाली आला तर गाडी रुळावर आहे. 5च्या खाली गेला तर तुम्ही बाहेर आलात असं समजतात. चौथ्याला तसूभरही हलला नसेल तर गप्प बसू नका, "मला फरक नाही, आपण काय बदलायचं?" असं विचारा. पद्धत बदलता येते, गोळ्या जोडता येतात, बैठका वाढवता येतात. काही जणांना आठ पुरत नाहीत. वर्षानुवर्षं येणारं-जाणारं नैराश्य असेल, लहानपणचा मोठा आघात असेल, घरात मारहाण असेल, तर मी स्वतः आठचा आकडा धरून बसत नाही. तुमच्या पत्रातून मला तसं काही दिसत नाही, पण पत्रात सगळं मावत नाही हेही मला कळतं.

पैशांची ओढाताण होत असेल तर बैठका सोडण्याआधी सरकारी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करा. तिथे खर्च जवळपास नसतो. गर्दी असते, वेळ कमी मिळतो, हे आधीच सांगून ठेवते.

मिस्टरांना एकदा बरोबर न्या. गोव्यातल्या उपचारातही घरच्या माणसाला सामील करून घेत. ते चिडून बोलले असतील, पण आठ महिने बायको पहाटे साडेतीनला अंथरुणात बसलेली दिसते आणि आपल्याला काही करता येत नाही, हे त्यांनाही सोसत असणार. त्यांना काम द्या. रोज संध्याकाळी जेवणानंतर तुमच्याबरोबर मारुतीच्या देवळापर्यंत चालत जायचं, पाऊस असेल तर छत्री घेऊन, आणि वाटेत दुखण्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. गप्पाच मारायच्या तर त्या तिथे मारू देत.

मंगळवारी जाताना एक वही घ्या. रविवार आणि सोमवार या दोनच दिवसांचं पान भरा, तीन रकाने, आकडे खरे लिहा, सगळे एक असले तरी चालतील. आणि त्याच्या आधीच्या पानावर लिहा: "मागच्या वेळी एसटीत रडत घरी गेले." तोंडानं सांगायला जड गेलं तर ते पान उघडून तिच्यापुढे ठेवा.